क्लबने लीग बदलली, आता पुढे काय? अमेरिकेतील मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रायआउटच्या, म्हणजे संघनिवडीच्या चाचणीच्या, आगेमागे अनेक घरांत मुलांच्या सॉकर क्लबचा ईमेल येतो की, पुढच्या सीझनपासून आपले संघ दुसऱ्या लीगमध्ये खेळतील. ईमेलमध्ये अभिमान भरपूर असतो आणि तपशील थोडा. ज्या पालकांचे स्वतःचे बालपण गल्लीतल्या क्रिकेटमध्ये गेले, त्यांना ही सगळी व्यवस्था परकी वाटणे स्वाभाविक आहे. पुढील उत्तरे त्यांच्यासाठी आहेत.

लीग बदलली म्हणजे आमच्या घरापुरते नेमके काय बदलते?

क्लब, सरावाचे मैदान आणि बहुतेक वेळा कोच तेच राहतात. सामने कोणाविरुद्ध आणि किती लांब होणार, सीझन कधी सुरू होऊन कधी संपणार, रोस्टरमध्ये, म्हणजे संघाच्या नोंदलेल्या यादीत, किती मुले ठेवता येणार, बाहेर काढलेल्या खेळाडूला त्याच सामन्यात परत आत घेता येणार की नाही, हायस्कूलच्या संघातून खेळण्याची मुभा असणार की नाही आणि वर्षाला एकूण किती पैसे लागणार, हे सारे मात्र बदलू शकते. यांतला बदलींचा नियम पालकांच्या लक्षात सर्वांत उशिरा येतो. स्थानिक लीगमध्ये बहुधा कितीही वेळा बदली करता येते, त्यामुळे प्रत्येक मुलाला थोडाफार वेळ खेळायला मिळतो. वरच्या पातळीवरच्या काही लीगमध्ये बदलींवर मर्यादा असते आणि त्याचा सर्वाधिक फटका रोस्टरमधल्या शेवटच्या चार-पाच मुलांना बसतो.

इतक्या लीग आल्या तरी कुठून?

अमेरिकेत युवा सॉकरची एकच शिडी नाही. यूएस सॉकर फेडरेशनच्या छत्राखाली अनेक स्वतंत्र संघटना आहेत. १९६४ पासूनची एवायएसओ, १९७४ मध्ये स्थापन झालेली आणि राज्यनिहाय संघटनांमार्फत चालणारी यूएस यूथ सॉकर, आणि २००१ मधली यूएस क्लब सॉकर या त्यांतल्या प्रमुख. प्रत्येकीची नोंदणी आणि खेळाडूंची कार्डे, म्हणजे ओळखपत्रे, वेगळी असतात, आणि बहुतेक लीग यांपैकी कोणाच्या तरी मान्यतेने चालतात.

आजच्या गोंधळाचे मूळ मात्र मुख्यतः २०२० मध्ये आहे. फेडरेशनने २००७ मध्ये मुलांसाठी डेव्हलपमेंट अकॅडमी ही देशपातळीवरची लीग सुरू केली होती. तिला समांतर म्हणून २००९ मध्ये ४० क्लबांनी मिळून मुलींसाठी ईसीएनएल ही राष्ट्रीय लीग उभी केली. २०१७ मध्ये फेडरेशनने मुलींचीही अकॅडमी काढली आणि त्याच वर्षी ईसीएनएलने मुलांचा विभाग सुरू केला. पुढे एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, फेडरेशनने आपली अकॅडमी व्यवस्था बंदच करून टाकली. मुलांच्या बाजूची पोकळी एमएलएस या व्यावसायिक लीगने काढलेल्या एमएलएस नेक्स्ट या युवा लीगने भरली, मुलींच्या बाजूला गर्ल्स अकॅडमी ही नवी लीग आली, आणि बरेच क्लब ईसीएनएलकडे वळले. त्यांच्या खालच्या थरावर ईसीएनएल रीजनल लीग, यूएस क्लब सॉकरची एनपीएल, यूएस यूथ सॉकरची नॅशनल लीग, पूर्वेकडची ईडीपी, उत्तर कॅलिफोर्नियातली नॉरकॅल प्रीमियर अशा अनेक लीग आहेत. २०२५-२६ पासून एमएलएस नेक्स्टनेही आपला दुसरा स्तर सुरू केला आणि क्लबांची पळापळ पुन्हा सुरू झाली.

क्लब लीग का बदलतात? यात मुलांचे हित असते की धंदा?

दोन्ही असते, आणि हे उघडपणे मान्य केलेले बरे. जवळचा प्रतिस्पर्धी क्लब नामांकित लीगमध्ये गेला की, चांगले खेळाडू तिकडे जाऊ लागतात. ते थोपवण्यासाठी आपल्या क्लबलाही तसाच बिल्ला हवा असतो. कधी दोन क्लब विलीन होतात, कधी नव्या डायरेक्टरला आपल्या ओळखीच्या लीगमध्ये जायचे असते, तर कधी जुन्या लीगमधले सामने इतके एकतर्फी झालेले असतात की, बदल खरोखर आवश्यक असतो. उलट दिशेचाही बदल होतो. प्रवास आणि खर्च न झेपल्यामुळे काही क्लब राष्ट्रीय लीग सोडून प्रादेशिक लीगमध्ये परततात. तो निर्णय कमीपणाचा मानला जातो, पण अनेक कुटुंबांसाठी तोच अधिक शहाणपणाचा असतो.

नवी लीग आधीच्या लीगपेक्षा वरची आहे, असे क्लब सांगतो. ते पडताळायचे कसे?

वरच्या राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळतो तो क्लबला, आणि तोही अर्ज करून. तिथे बढती-पदावनतीची पद्धत नाही. राज्य पातळीवरच्या अनेक लीगमध्ये ती असते. त्यामुळे लीगच्या नावावरून एखाद्या संघाचा दर्जा ठरवता येत नाही. एकाच लीगमध्ये एका क्लबचा २०१२ मध्ये जन्मलेल्या मुलींचा संघ अव्वल असू शकतो आणि २०१४ मध्ये जन्मलेल्यांचा अगदी सामान्य. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार येथेही दिसतो.

पडताळणीचा सोपा मार्ग असा की, नव्या लीगमध्ये आपल्या मुलाच्या वयोगटात आणि आपल्या विभागात कोणते क्लब आहेत, हे लीगच्या संकेतस्थळावर पाहावे, त्यांच्यापैकी कोणाशी आपला संघ गेल्या वर्षभरात खेळला आहे का आणि निकाल काय लागले, ते तपासावे, आणि जमल्यास त्यांचा एखादा सामना मैदानावर जाऊन बघावा. गुणांकन देणारी ॲप सध्या सगळ्यांच्या फोनवर आहेत. मला त्यांचा भरवसा फारसा वाटत नाही, विशेषतः बारा वर्षांखालील संघांच्या बाबतीत.

माझ्या मुलाची संघातली जागा कायम राहील का?

ईमेलमध्ये सहसा नसलेला प्रश्न हाच आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच. नव्या लीगमध्ये जागा मिळाली आहे ती क्लबला. आपल्या मुलाला ती मिळालेली नाही. एखाद्या वयोगटात क्लबचे दोन किंवा तीन संघ असतील, तर नामांकित लीगमध्ये त्यांतला एकच संघ खेळतो, दुसरा तिच्या खालच्या स्तरावर आणि तिसरा स्थानिक लीगमध्ये. बदलाची बातमी पसरली की, आजूबाजूच्या क्लबांमधली चांगली मुले ट्रायआउटला येतात आणि तीन वर्षे पहिल्या संघात खेळलेले मूल दुसऱ्या संघात जाऊ शकते. क्लबची जाहिरात मात्र पहिल्या संघाविषयीच असते, आणि दुसऱ्या संघातल्या मुलांचे पालकही तीच जाहिरात वाचून फी भरतात.

म्हणून ट्रायआउटच्या आधीच कोचला नम्रपणे पण थेट विचारावे की, सध्याच्या संघातली किती मुले पहिल्या संघात राहतील असा आपला अंदाज आहे, आमचे मूल त्यांत कुठे बसते, आणि दुसऱ्या संघातून वर जाण्याचा मार्ग सीझनच्या मध्येही खुला असतो का. खेळायला किमान किती वेळ मिळेल, याचे धोरण क्लबकडे लेखी असेल तर ते मागून घ्यावे. बहुतेक कोच प्रामाणिक उत्तर देतात. उत्तर टाळले गेले, तर तेही एक प्रकारचे उत्तरच समजावे.

वरच्या लीगच्या रोस्टरमध्ये सोळावा खेळाडू म्हणून बाकावर बसण्यापेक्षा एक पायरी खाली प्रत्येक सामना पूर्ण वेळ खेळणे, हे तेरा-चौदा वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांसाठी अधिक लाभाचे ठरते. सगळ्या पालकांना हे पटत नाही, आणि फार मोठी झेप घेऊ पाहणाऱ्या मोजक्या मुलांच्या बाबतीत ते खरेही नसेल.

खर्च किती वाढेल?

क्लबागणिक आणि राज्यागणिक आकडे इतके वेगळे आहेत की, एकच रक्कम सांगणे दिशाभूल करणारे ठरेल. खर्चाची रचना मात्र सगळीकडे सारखी आहे. ईमेलमध्ये दिलेली क्लब फी हा त्याचा केवळ पहिला भाग असतो. त्यावर लीगची नोंदणी, पंचांचे शुल्क, स्पर्धांची प्रवेश फी आणि कोचचा प्रवास व मुक्काम यांसाठी वेगळी टीम फी बसते, जी अनेकदा संघातल्या मुलांमध्ये समान वाटून सीझनच्या मध्यात मागितली जाते. गणवेशाचा संच ठराविक वर्षांनी बदलतो, आणि लीग बदलताना नव्या बिल्ल्यासाठी तो वेळेआधीच बदलला जाण्याची शक्यता असते.

याहून मोठा खर्च आपल्या स्वतःच्या प्रवासाचा. राष्ट्रीय लीगमध्ये वर्षातून काही वेळा फ्लोरिडा, ॲरिझोना, टेक्सास अशा ठिकाणी शोकेस, म्हणजे कॉलेजच्या कोचना खेळाडू पाहता यावेत म्हणून भरवलेले, सामने होतात आणि तिथे विमानाने जावे लागते. अनेक स्पर्धांमध्ये आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलांतच संघाने उतरावे अशी अट असते, त्यामुळे नातेवाइकांकडे राहून किंवा स्वस्त हॉटेल शोधून पैसे वाचवण्याची सोय राहत नाही. त्यामुळे क्लबच्या मॅनेजरकडे मागील वर्षी याच लीगमध्ये खेळलेल्या एखाद्या संघाचा प्रत्यक्ष झालेला खर्च मागावा. अंदाजपत्रकापेक्षा तो अधिक बोलका असतो. दोन मुले खेळत असतील, तर नाकापेक्षा मोती जड होण्याची वेळ लवकर येते. बऱ्याच क्लबांकडे आर्थिक साहाय्याची तरतूद असते, ती मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही, मात्र अर्जाची मुदत ट्रायआउटच्या सुमारासच संपू शकते. एमएलएसमधल्या व्यावसायिक क्लबांच्या स्वतःच्या अकॅडमीत सहसा फी नसते. पण एमएलएस नेक्स्टमध्ये खेळणारे बहुसंख्य क्लब व्यावसायिक नाहीत आणि ते फी घेतात, हा फरक अनेकांना ठाऊक नसतो.

मराठी शाळा, गणपती, दिवाळी आणि भारतभेट यांचे काय?

अनेक शहरांत मराठी शाळा रविवारी सकाळी भरते, आणि लीगचे सामने नेमके त्याच वेळी असतात. स्थानिक लीगमध्ये सामना तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे शाळेचा निम्मा वर्ग तरी साधतो. प्रादेशिक लीगमध्ये न्यू जर्सीतला संघ व्हर्जिनियाला जाऊ लागला की, संपूर्ण रविवार गेला असे समजावे. मंडळाच्या गणेशोत्सवातला मुलांचा कार्यक्रम फॉल सीझनच्या ऐन सुरुवातीला येतो, आणि दिवाळीचा शनिवार-रविवार सीझनच्या शेवटच्या सामन्यांशी धडकतो. थँक्सगिव्हिंग आणि मेमोरियल डे हे तर स्पर्धांचे ठरलेलेच दिवस.

यावर सर्वमान्य तोडगा नाही. काही घरांनी मराठी शाळेचा वर्ग ऑनलाइन घेतला, काहींनी वर्षातून दोन शनिवार-रविवार आमचे राहतील असे कोचला सीझनच्या आधीच सांगून ठेवले. आधी कळवलेली गैरहजेरी बहुतेक कोच समजून घेतात. आदल्या रात्री पाठवलेला निरोप मात्र कोणीच घेत नाही. भारतभेटीचे तिकीट काढण्यापूर्वी ट्रायआउटच्या तारखा आणि ऑगस्टमधल्या पूर्वतयारीचे वेळापत्रक पाहून घ्यावे, कारण लीग बदलल्यावर ट्रायआउट कित्येक आठवडे अलीकडे सरकू शकतात.

आमच्या मुलाचा जन्म पुण्याचा आहे. नव्या लीगची नोंदणी अडकली, असे का?

फिफाच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीवर निर्बंध आहेत. खेळाच्या नावाखाली मुलांची देशोदेशी होणारी तस्करी आणि पिळवणूक रोखणे हा त्यामागचा हेतू आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाची नवी नोंदणी होताना यूएस सॉकरकडून मंजुरीची कागदपत्रे मागितली जाऊ शकतात, आणि क्लब एका संघटनेतून दुसरीकडे गेल्यामुळे हा प्रश्न आधी कधी आला नसला तरी अचानक उभा राहतो. पालक फुटबॉलव्यतिरिक्त अन्य कारणासाठी, म्हणजे आपल्याकडे बहुधा नोकरीसाठी, देश बदलून आले असतील तर नियमांत त्यासाठी स्पष्ट अपवाद आहे. जन्मदाखला, पासपोर्ट, अमेरिकेत आल्याची तारीख दाखवणारी कागदपत्रे आणि पालकांच्या नोकरीचा पुरावा यांच्या प्रती तयार ठेवाव्यात आणि क्लबच्या रजिस्ट्रारशी जूनमध्येच बोलून घ्यावे. ऑगस्टच्या शेवटी सगळ्यांचीच धावपळ असते.

वयोगट बदलणार आहेत असे ऐकले. त्याचा लीग बदलण्याशी संबंध काय?

यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ यांनी २०२६-२७ च्या सीझनपासून वयोगट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा धरण्याचे जाहीर केले आहे. त्याआधी सुमारे दहा वर्षे जानेवारी ते डिसेंबर हे जन्मवर्ष धरले जात होते. उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०१४ मध्ये जन्मलेली मुलगी २०२५-२६ मध्ये बारा वर्षांखालील गटात होती. नव्या पद्धतीत ती पुढच्या वर्षीही त्याच गटात राहते आणि आणखी एक वर्ष नऊ-नऊच्या संघांत खेळते, तर तिची मार्च २०१४ मध्ये जन्मलेली मैत्रीण तेरा वर्षांखालील गटात, अकरा-अकराच्या मोठ्या मैदानावर जाते. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना शाळेतल्या वर्गमित्रांबरोबर खेळता येते, हा या बदलाचा फायदा. जुन्या पद्धतीत ही मुले आठवीत असतानाच त्यांच्या संघातली बाकीची मुले हायस्कूलच्या संघात निघून जात आणि फॉलमध्ये त्यांना संघच उरत नसे.

त्याच वर्षी आपला क्लब लीगही बदलत असेल, तर जुना संघ दोन बाजूंनी फुटतो. प्रत्येक लीग आणि तिच्यातला प्रत्येक स्तर हाच नियम लावेल असे गृहीत धरू नये. नव्या लीगमध्ये आपल्या मुलाची जन्मतारीख कोणत्या गटात बसते, हे जन्मतारीख सांगूनच विचारावे.

हायस्कूलच्या संघातून खेळता येईल का?

हे लीगवर आणि तिच्या स्तरावर अवलंबून आहे. ईसीएनएल हायस्कूलच्या सीझनसाठी जागा ठेवते. एमएलएस नेक्स्टच्या वरच्या स्तरावर हायस्कूल सॉकरवर सर्वसाधारणपणे बंधन आहे, दुसऱ्या स्तरावर तशी मुभा आहे. राज्यानुसारही फरक पडतो. न्यू जर्सीत हायस्कूलचा सीझन फॉलमध्ये येतो, टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या बहुतेक भागांत तो हिवाळ्यात सुरू होतो. मुलाला शाळेच्या संघाची ओढ असेल तर ती हलकी समजू नये. गावातले वर्गमित्र गॅलरीत बसून बघतात, त्या सामन्याची सर शोकेसला येत नाही, असे बरीच मुले सांगतात.

कॉलेज प्रवेश आणि स्कॉलरशिप यांसाठी लीग महत्त्वाची आहे का?

काही प्रमाणात आहे, आणि मुलींच्या बाबतीत जरा जास्त. कॉलेजचे कोच मोठ्या शोकेसना येतात, कारण एका ठिकाणी अनेक चांगले संघ पाहता येतात. परंतु एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागातले कोच खेळाडूशी थेट संपर्क साधू शकतात तो दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलासाठी कॉलेजचे नाव घेऊन लीग विकली जात असेल, तर सावध राहावे.

स्कॉलरशिपचा हिशेबही थंड डोक्याने करावा. अगदी अलीकडेपर्यंत पहिल्या विभागातल्या पुरुष संघाला एकूण ९.९ आणि महिला संघाला १४ पूर्ण स्कॉलरशिप इतकीच मर्यादा होती, आणि ती वीस-पंचवीस खेळाडूंमध्ये वाटली जात असे. एनसीएएविरुद्धच्या खटल्यातल्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, त्यात सहभागी झालेल्या कॉलेजांसाठी ती मर्यादा जाऊन २८ खेळाडूंची रोस्टर मर्यादा आली आहे, पण प्रत्येक जागेसाठी पैसे असतीलच असे नाही. तिसऱ्या विभागात आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप दिलीच जात नाही. ट्रॅव्हल सॉकरवर, म्हणजे गावोगावी जाऊन खेळायच्या अशा क्लब सॉकरवर, होणारा खर्च पुढे स्कॉलरशिपमधून वसूल होईल, या हिशेबाने तो करू नये.

मूल आठ-नऊ वर्षांचे आहे. आम्ही काळजी करावी का?

नाही. दहा वर्षांखालील मुले सात-सातच्या संघांत, लहान मैदानावर खेळतात आणि त्यांना हेडिंगला, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याला, बंदी आहे. या वयात कोच कसा आहे आणि मैदान घरापासून किती दूर आहे, एवढेच पाहावे.

बदल पटला नाही तर क्लब सोडता येतो का? पैसे परत मिळतात का?

सीझन संपल्यावर, नवी ऑफर स्वीकारण्यापूर्वी, कोणत्याही क्लबमध्ये जाण्याची मोकळीक असते. ऑफर स्वीकारून ऑनलाइन करारावर सही केली की, मात्र परिस्थिती बदलते. भरलेली अनामत सहसा परत मिळत नाही, आणि अनेक करारांत मूल मध्येच थांबले तरी पूर्ण वर्षाची फी देय राहते, असे कलम असते. क्लबांना ऑफरचे उत्तर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत हवे असते. या घाईत करार न वाचताच सही केली जाते. म्हणून मागील वर्षीचा करार आधीच मागून वाचावा, आणि सही केल्यानंतर क्लबने लीग बदलली किंवा नव्या लीगमधला प्रवेश रद्द झाला तर फीचे काय होईल, हे ईमेलवर लेखी विचारून ठेवावे. सीझनच्या मध्ये क्लब बदलायचा झाल्यास जुन्या क्लबकडून खेळाडूचे कार्ड मोकळे करून घ्यावे लागते. त्यासाठी थकीत रक्कम भरण्याची अट घातली जाऊ शकते, आणि लीगने ठरवलेली रोस्टरची अंतिम तारीख उलटून गेली असेल तर कार्ड मोकळे होऊनही त्या सीझनमध्ये लीगचे सामने खेळता येत नाहीत.